ती सटकली की तिची सटकली?

'मीटिंगमधून काका सटकले' म्हणजे कुणाच्या लक्षात यायच्या आत गुपचूप निघून गेले. हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ते इथेच सोडते.

घोळ होतो रागाच्या 'सटकली'चा. २०११ साली 'सिंघम' आला आणि 'आता माझी सटकली' मराठी न येणाऱ्यांच्याही तोंडी बसलं. त्याचा मला आनंदच आहे. पण मराठी माणसंच जेव्हा 'ते ऐकून मी सटकलो' असं लिहितात आणि त्यांना राग अनावर झाल्याचं सांगायचं असतं, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. या वाक्यात ते चक्क पळून गेलेत!

रागात माणूस सटकत नाही, त्याची काहीतरी सटकते. त्या 'काहीतरी'चं नाव आपण घेत नाही, पण बोलताना ते स्त्रीलिंगी धरतो. म्हणून माणसाला 'ची' लागतो आणि क्रियापद त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. बाबांची सटकली, आईची सटकली, आम्हा सगळ्यांची सटकली. आदरार्थी बहुवचनही इथे चालत नाही: 'सर सटकले' म्हणजे तास बुडाला, 'सरांची सटकली' म्हणजे वर्गाची धडगत नाही. बाईबद्दल बोलताना तर सगळा फरक त्या एका 'ची'वर येतो. ती सटकली, म्हणजे निसटली. तिची सटकली, म्हणजे आपण निसटावं. मुलगा आहे म्हणून 'त्याचा सटकला' हे तर कृपा करून लिहू नका. 'डोकं' शब्द उच्चारलात, तरच 'डोकं सटकलं'.

'टरकली', 'तंतरली' याच साच्यातल्या, पण त्या घाबरल्यावर.

आणखी एक. चहा गार मिळाला म्हणून कुणाची सटकत नाही, माणूस वैतागतो. दहादा सांगूनही शेजाऱ्याने फाटकासमोरच गाडी लावली की सटकते, कारण इतके दिवस आवरून धरलेलं त्या क्षणी हातातून सुटतं. किरकोळ चिडचिडीला हा शब्द वापरला की त्याची धार जाते, आणि ती जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

राहता राहिलं 'सटकलास का?' इथे माणूस स्वतःच सटकतो खरा, पण विचारणाऱ्याला त्याच्या रागाशी देणंघेणं नसतं. वेड लागलंय का, एवढंच त्याला विचारायचं असतं.