वाळूच्या पिशव्या मागवण्याआधी हे वाचा

आमच्या जळगावच्या कारखान्यात काठाची धूप रोखण्यासाठी जिओटेक्स्टाईलच्या (पाणी जाऊ देणाऱ्या, पण वाळू अडवणाऱ्या कापडाच्या) पिशव्या, नळ्या आणि गॅबियनच्या, म्हणजे दगड भरायच्या पेट्यांच्या, जाळ्या तयार होतात. खानदेशाला समुद्र नाही, तरी आमचा माल कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावर जातो. तापी-गिरणाकाठचे शेतकरीही नेतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "इतक्या मीटरला पिशव्या किती लागतील?" आमचा उलट प्रश्न: तुमच्याकडे वाळू येते कुठून आणि जाते कुठे?

तिरप्या लाटा वाळूला काठाकाठाने पुढे सरकवत असतात. त्या वाटेत आडवा बांध घातला की एका बाजूला वाळू साचते आणि पुढच्या गावाचा किनारा उपाशी राहतो. चेन्नई बंदराच्या भिंतींमुळे दक्षिणेला मरीनाची पुळण रुंदावली, तर उत्तरेला रॉयपुरमकडचा किनारा खचत गेला. आपल्या तापीचंच पाहा. सातपुड्यातून निघालेली वाळू पूर्वी सुरतेजवळ समुद्राला मिळायची. १९७२ मध्ये उकाई धरण झालं, आता तिचा मोठा भाग जलाशयातच बसतो.

उभी भिंत बांधली तर घरं वाचतात, पण आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू उपसते आणि पुळण खाली जाते. म्हणून भिंतीपुढे दगडांचा किंवा पिशव्यांचा पसरट पायथा हवाच. तो खर्च वाचवू नका.

आमच्या मते जागा आणि वाळू मिळत असेल तर किनाऱ्याला वाळूच परत देणं सगळ्यात चांगलं. विशाखापट्टणमला बंदरातून उपसलेली वाळू पुळणीवर टाकतात. नेदरलँड्सने २०११ मध्ये एकाच ठिकाणी सुमारे २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू टाकली आणि ती पसरवायचं काम वारा-लाटांवर सोपवलं. असं जमत असेल तिथे आमच्या पिशव्या घेऊ नका, हे आम्ही स्वतःच सांगतो.

पिशव्या लागणारच असतील तर गच्च भरू नका. थोडी सैल पिशवी शेजारणीला नीट बिलगते. विटांसारखे सांधे चुकवून रचा, खाली गाळणीचं कापड अंथरा. उन्हाने कापड ठिसूळ होतं, म्हणून वरचा थर झाकून ठेवा. भरायची वाळू त्याच किनाऱ्यावरून उचलू नका.

नदीकाठच्या मंडळींनी आडवा बांध घालण्याआधी समोरच्या काठावरच्या शेतकऱ्याशी बोलावं, कारण प्रवाह त्याच्याकडे वळू शकतो. समुद्रकाठच्या कामाला सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांखालची) परवानगी लागते. काम मोठं असेल तर पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात अभ्यास करून घ्या.

चौकशीला येताना त्याच जागेचे पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे फोटो आणा. दोन्ही बाजूंचा किनारा त्यात दिसला पाहिजे.