गव्हातली वर्तुळं: जमिनीवरून काय दिसलं

दक्षिण इंग्लंडमधल्या शेतांत पीक लोळून उमटणाऱ्या वर्तुळांचे फोटो आपण पाहतो ते बहुतेक विमानातून काढलेले. ती निसर्गाने होतात की माणूस काढतो, हा खरा वाद मात्र खाली रंगला, लोळलेल्या गव्हात गुडघे टेकून बसलेल्या माणसांमध्ये.

सुरुवातीची एक सुरेख नोंद १८८० सालची आहे. जे. रँड कॅप्रन यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाला पत्र लिहून कळवलं, की वादळानंतर सरे परगण्यातल्या शेतात गहू जागोजागी गोल लोळला आहे. मधोमध काही ताटं उभी, त्यांभोवती बाकीची एका दिशेने आडवी, आणि बाहेर न पडलेल्या पिकाची भिंत. सोबत जागेवर बसून काढलेलं रेखाचित्रही होतं. या निरीक्षणाचं मला फार मोल वाटतं, कारण त्यांनी आधी नीट पाहिलं आणि मग कारणाचा विचार केला.

शंभर वर्षांनी विल्टशर आणि हॅम्पशरमध्ये अशी वर्तुळं वारंवार दिसू लागली. हवामानशास्त्रज्ञ टेरेन्स मीडन यांनी वावटळीचं कारण मांडलं. वर्तुळांचे अभ्यासक पॅट डेल्गाडो आणि कॉलिन अँड्र्यूज मोजायची टेप घेऊन शेतोशेत फिरले. ताटं मोडलेली नाहीत, नुसती वाकलेली आहेत, म्हणजे हे माणसाचं काम नाही, यावर त्यांचा मोठा भर होता. पण हिरवा, रसरशीत गहू माणसाने फळीने दाबला तरी वाकतोच; कडकडीत वाळल्यावर तो मोडतो.

सप्टेंबर १९९१ मध्ये साउथहॅम्प्टनच्या डग बावर आणि डेव्ह चोर्ली यांनी 'टुडे' या वृत्तपत्राला सांगितलं, की १९७० च्या दशकापासून फळी आणि दोरीने आपणच ही वर्तुळं काढत आलो. पत्रकारांसाठी त्यांनी केंटमध्ये एक काढून दाखवलं. डेल्गाडो यांनी ते तपासून खरं, म्हणजे माणसाने न काढलेलं, ठरवलं. सत्य कळल्यावर आपण फसलो हे त्यांनी मान्यही केलं. पुढच्याच वर्षी वेस्ट विकमला वर्तुळं काढण्याची स्पर्धा झाली आणि ती हेलिकॉप्टर कंपनीतल्या अभियंत्यांनी जिंकली.

तपासणी तरीही थांबली नाही. १९९४ मध्ये अमेरिकेतले डब्ल्यू. सी. लेव्हेंगुड यांनी वर्तुळातल्या ताटांची पेरं लांबलेली असल्याचं एका वनस्पतिशास्त्रीय नियतकालिकात मांडलं. आपल्याकडचा शेतकरी म्हणेल, यात नवल काय. अवकाळीत लोळलेला गहू पुन्हा डोकं वर काढतो तो पेरापाशीच: पेराची खालची बाजू वाढते आणि ताट वर वळतं. म्हणून त्याच शेतातला उभा गहू आणि वाऱ्याने लोळलेला गहू शेजारी ठेवून, कुठला नमुना कुठला हे तपासणाऱ्याला न सांगता मोजमाप व्हायला हवं. लेव्हेंगुड यांच्या कामावर मुख्य आक्षेप हाच होता.

जमिनीवरचा फोटो खरा उपयोगी पडतो तो थर दाखवायला. खालचं ताट आधी पडलं, वरचं नंतर. अशा आडव्याउभ्या थरांवरून आकृती कोणत्या क्रमाने काढली ते वाचता येतं. वरच्या थराखाली एखादी अरुंद वाट आधीच दाबलेली सापडली, तर ती आखणीची रेघ असू शकते. कॅमेरा ओंब्यांच्या उंचीवर आणि सूर्य कलता असला, की लोळलेल्या ताटांची दिशा चकाकून दिसते. आत जायचं ते शेतकऱ्याला विचारून आणि ट्रॅक्टरच्या चाकोरीतून, कारण फवारणीसाठी मोकळ्या सोडलेल्या या पट्ट्यांत पीक तुडवलं जात नाही.

आणि हे सगळं पहिल्याच सकाळी. दुपारपर्यंत बघे येतात, थर विस्कटतात, आणि काही दिवसांत पेरं वळून ओंब्या पुन्हा आभाळाकडे बघू लागतात.