स्वयंसेवी रुग्णविमानसेवा

दूरच्या रुग्णालयात ठरलेल्या तपासणीसाठी वा उपचारांसाठी जाणाऱ्या रुग्णाला हौशी वैमानिकाने छोट्या विमानातून, पदरच्या खर्चाने नेऊन सोडण्याची प्रथा. अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलियात ती रुजली आहे. हवाई रुग्णवाहिकेशी तिची गल्लत होते, ती करू नये. रुग्णवाहिकेत डॉक्टर, प्राणवायू, स्ट्रेचर असते आणि बिल लाखांत जाते. इथे वैमानिक, रुग्ण आणि फार तर सोबतीला घरचे एखादे माणूस. खानदेशातली माणसे ज्याला ‘तारीख’ म्हणतात (‘येत्या सोमवारी मुंबईची तारीख आहे’), ती चुकू न देणे एवढेच या सेवेचे काम.

अमेरिकेत ‘एंजल फ्लाइट’ ही संस्था १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे सुरू झाली. ऑस्ट्रेलियात त्याच नावाची स्वतंत्र संस्था २००३ पासून आहे. संस्थेकडे विमाने नसतात. रुग्ण आणि वैमानिक यांची गाठ घालून देणे हा तिचा व्याप. रुग्णाची प्रकृती स्थिर हवी, पंखावर पाय ठेवून त्याला आत चढता आले पाहिजे, आणि प्रवासास हरकत नाही असे डॉक्टरांनी लिहून द्यावे लागते. चार-सहा आसनांच्या विमानात वजनाचा हिशेब कडक असतो, म्हणून बोचकीही तोलून घेतात. अंतर फार असेल तर टप्पे पाडून रुग्ण एका विमानातून दुसऱ्यात बसवतात. हवा बिघडली की उड्डाण रद्द, त्यामुळे दुसरी सोय आधीच हाताशी ठेवावी लागते. खाजगी परवान्यावर मोबदला घेता येत नाही. सेवा फुकट असण्यामागे दानतीइतकाच हा नियमही आहे. धोका मात्र खरा आहे. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये माउंट गॅम्बियरजवळ अशा उड्डाणात तिघे दगावले आणि २०१९ मध्ये तिथल्या सरकारने वैमानिकांसाठीचे नियम कडक केले.

खानदेशात ही प्रथा रुजलेली नाही. विमाने नाहीत म्हणून, असे मात्र म्हणता येत नाही. धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचे विद्यार्थी उड्डाण शिकतात. हा क्लब १९२८ चा, जे. आर. डी. टाटा याच क्लबचे विद्यार्थी. शिरपूरलाही वैमानिक प्रशिक्षणाची धावपट्टी आहे. जळगावचा विमानतळ २०१२ मध्ये जळगावच्याच कन्या, तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते सुरू झाला आणि २०१७ च्या डिसेंबरात ‘उडान’ योजनेतून तिथे मुंबईचे विमान आले. पण स्वतःचे विमान बाळगून सुटीच्या दिवशी हौसेने उडणारा वर्ग इकडे नाही, आणि ही सेवा उभी राहते ती त्याच वर्गावर. शिकाऊ वैमानिकाला रुग्ण नेता येत नाही, हे सांगायलाच नको.

त्यामुळे तारीख गाठायची ती रेल्वेने. जळगाव ते मुंबई सुमारे ४२० किलोमीटर. रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस धरली की सकाळी परळच्या टाटा रुग्णालयाच्या रांगेत उभे राहता येते. उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला शयनयान व तृतीय वातानुकूलित डब्यात भाडे पडत नाही, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. परदेशातल्या त्या वैमानिकांचे काम इथे बव्हंशी हा सवलतीचा फॉर्म करतो. नंदुरबारकडचे लोक सुरत जवळ करतात, रावेर-शिरपूरकडचे इंदूर.

अडचण स्टेशनापर्यंत पोचण्याची. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून रुग्णाला घोंगडीची झोळी बांबूला बांधून, खांदे बदलत डांबरी रस्त्यापर्यंत आणतात; तिथून पुढे १०८ ची गाडी. नर्मदेकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना आहे. धावपट्टी कितीही जवळ असली तरी हा पहिला टप्पा विमानाला जमणारा नाही.

१६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यातील वर्डीजवळ, सातपुड्याच्या जंगलात, एक प्रशिक्षण विमान कोसळले. प्रशिक्षक जागीच गेले, शिकाऊ वैमानिक तरुणी गंभीर जखमी झाली. गाडी तिथवर येईना. आसपासच्या आदिवासींनी झोळी बांधली, तिच्यासाठी एका बाईने अंगावरचे लुगडे सोडून दिले, आणि चिखलवाटेने त्या वैमानिकेला खांद्यावरून रस्त्यावर आणले.