हापूसच्या पानातला मिथाइलचा नकाशा

देवगडच्या कातळावरचा हापूस आणि रत्नागिरीच्या खाडीकाठचा हापूस, दोन्ही कलमांचेच. कलम बांधलं की मूळ झाडाचा डीएनए जवळजवळ जसाच्या तसा पुढे जातो, तरी दोन बागांतली झाडं सारखी वागत नाहीत. यात डीएनएला चिकटलेल्या मिथाइल गटांचा (कार्बन-हायड्रोजनच्या छोट्या रासायनिक खुणांचा) हात आहे का, हे तपासायचं तर ते गट नेमके कुठे बसलेत ते आधी कळायला हवं.

साध्या सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे डीएनएची अक्षरं ओळीने वाचताना, मिथाइल लागलेला आणि न लागलेला सायटोसिन (डीएनएतलं ‘सी’ हे अक्षर) सारखाच दिसतो. १९९२ पासून यासाठी बायसल्फाइट हे रसायन वापरतात. ते काम करतं, पण डीएनएचे तुकडे पाडतं. एन्झाइमांच्या पद्धतीत टेट-२ हे एन्झाइम मिथाइल गटाचं ऑक्सिडीकरण करून त्या सायटोसिनला संरक्षण देतं. मग अपोबेक हे दुसरं एन्झाइम उघड्या राहिलेल्या सायटोसिनचा युरॅसिल हा वेगळा घटक करतं आणि पीसीआरनंतर (डीएनएच्या असंख्य प्रती काढल्यावर) तो ‘टी’ म्हणून वाचला जातो. ‘सी’ टिकला, तिथे मिथाइल.

आंब्यात खरी डोकेदुखी त्याआधीच सुरू होते. जून पानांत पॉलिफेनॉल आणि चिकट शर्करा भरपूर, म्हणून कोवळी पालवी घ्यावी आणि लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाकावी. सीटॅब या साबणासारख्या रसायनाच्या २ टक्के द्रावणात पॉलिफेनॉलना आवरणारी पीव्हीपी आणि बीटा-मरकॅप्टोइथेनॉल ही रसायनं घालून ६५ अंशांवर डीएनए काढतात. तो तपकिरी किंवा बुळबुळीत आला, तर पुन्हा शुद्ध केल्याशिवाय पुढे जाऊ नये. साठवणीच्या द्रावणात ईडीटीए हे धातू धरून ठेवणारं रसायन असेल तर तेही काढावं: टेट-२ ला लोह लागतं आणि ईडीटीए नेमकं तेच धरून बसतं.

१० ते २०० नॅनोग्रॅम डीएनएचे साधारण ३०० बेसचे (अक्षरांचे) तुकडे करून त्यांच्या टोकांना अडॅप्टर, म्हणजे ओळखीचे छोटे डीएनए-तुकडे, जोडतात. अडॅप्टरमधले सायटोसिन आधीच मिथाइल लावलेले हवेत, नाहीतर अपोबेक त्यांनाही बदलून टाकतं. टेट-२ ला ३७ अंशांवर एक तास. लोहाचं द्रावण आयत्या वेळी पातळ करावं, कारण हवेत ते पटकन ऑक्सिडीकृत होतं. मग डीएनएचे धागे उष्णतेने सुटे करून थेट बर्फावर ठेवायचे आणि अपोबेकला तीन तास द्यायचे. इथे उशीर नडतो. अपोबेक फक्त एकेरी धाग्यावर चालतं. धागे पुन्हा जुळले की साधा सायटोसिन तसाच राहतो आणि नसलेलं मिथाइल दिसू लागतं. टेट-२ कमी पडलं तर उलट, असलेलं मिथाइल गायब होतं.

म्हणून प्रत्येक नमुन्यात मिथाइल नसलेला लॅम्डा फाज या विषाणूचा डीएनए आणि मिथाइल लावलेला पीयूसी-१९ हा गोल डीएनए ताळ्यासाठी मिसळतात. लॅम्डात अर्ध्या टक्क्याहून जास्त ‘सी’ उरला तर आमच्या मते तो नमुना बादच. वनस्पतीत सीजी, सीएचजी आणि सीएचएच अशा तिन्ही ठिकाणी मिथाइल असतं (एच म्हणजे जी सोडून कोणतंही अक्षर). सीएचएचचं प्रमाण मुळातच थोडं, त्यामुळे एवढीशी चूकही तिथे खऱ्या मिथाइलसारखी दिसते. पानातला हरितलवकाचा डीएनए जवळपास मिथाइलविरहित असतो, तेव्हा हा दुसरा ताळा फुकटच मिळतो.

वाचलेले तुकडे ज्याच्याशी जुळवून पाहतात तो संदर्भ जीनोम (आधीच वाचलेला पूर्ण डीएनए) दुसऱ्या जातीच्या आंब्याचा असेल तर आणखी एक फसगत होते. जातींमधला ‘सी’ऐवजी ‘टी’ हा मूळचाच फरक मिथाइल नसल्यासारखा दिसतो. तेव्हा समोरचा धागा वाचावा: तिथे ‘जी’ असेल तर सायटोसिन खरा होता, ‘ए’ असेल तर ती जागा यादीतून काढावी.