पिसांपासून खत: अर्ज नेमका कुठे अडतो

कोंबडीची पिसे आणि सलूनमधले केस यांपासून खत करण्याचा छोटा कारखाना काढायचा, अशी फाईल घेऊन माझ्याकडे फोंड्यात हल्ली बरेच जण येतात. कल्पना चांगली आहे आणि गोव्याला तिची गरजही आहे. गोणीत भरून रात्री रस्त्याकडेला टाकलेली पिसे आपण सगळेच नाक दाबून ओलांडतो. पिसांत ९० टक्क्यांच्या आसपास केराटिन हे प्रथिन असते आणि नत्र सुमारे १५ टक्के. पण गंधकाच्या बंधांनी ते इतके घट्ट बांधलेले असते की नुसते पुरले तर लवकर कुजत नाही. दाबाखालच्या वाफेने, अल्कलीने किंवा जिवाणूंच्या मदतीने ते तोडावे लागते. ही माहिती बहुतेकांकडे असते. अडते ते कागदांपाशी.

आधी उत्पादनाचे नाव ठरवा. अनेकांच्या प्रकल्प अहवालात अजूनही ‘पिसांपासून अमिनो ॲसिड, पिकांसाठी जैव-उत्तेजक’ असे लिहिलेले असते. २०२१ मध्ये जैव-उत्तेजके, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारी द्रव्ये, खत नियंत्रण आदेशाखाली आली हे खरे, पण २०२५ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने प्राणिजन्य जैव-उत्तेजकांची मंजुरी काढून घेतली, त्यात कोंबडीच्या पिसांपासूनचीही आली. जुन्या व्हिडिओवरून अहवाल उतरवून काढू नका. सेंद्रिय खत करणार असाल तर तसेच लिहा. ते खत आदेशातल्या मानकांत बसते का, हे नमुना तपासून आधीच बघा. उत्पादनाची परवानगी वेगळी आणि विक्रीची वेगळी, दोन्ही कृषी खात्याकडे.

मग जमीन. सगळ्यात जास्त माणसे इथेच रडकुंडीला येतात. उसगावकडच्या एका ताईने माझ्या टेबलावर एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या मालकीचा नोंद-कागद) उलगडला, त्यावर आजोबांचे नाव, आणि आजोबा जाऊन तीस वर्षे झालेली. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्तेची कायदेशीर वाटणी, कधी झालीच नव्हती. सगळ्या वारसांची संमती हवी. त्यातही आपल्या नागरी कायद्यात वेगळा करार नसेल तर लग्नानंतर मालमत्ता नवरा-बायकोची सामायिक होते, म्हणून आत्यांच्या यजमानांच्याही सह्या लागल्या. एक यजमान कुवेतला. बिचारीचे सात महिने यातच गेले. उताऱ्यावर कुळाचे नाव असेल किंवा जमीन कोमुनिदादची (गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) असेल तर आणखी वेळ लागेल. शेतजमिनीला रूपांतराची सनद, म्हणजे शेतीखेरीज वापराची सरकारी परवानगी, हवीच. औद्योगिक वसाहतीत कुणाची शेड पोटभाड्याने घेणार असाल तर औद्योगिक विकास महामंडळाची लेखी परवानगी आधी मागा, ‘शेजारीही असेच करतो’ हे ऐकून पैसे देऊ नका.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमती दोन असतात: बांधकामाआधी उभारणीची आणि उत्पादनाआधी चालवण्याची. पहिली मिळाली म्हणून यंत्र सुरू करणारे फार. दुसरी चूक मुदतीची. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात चार महिन्यांत निर्णय झाला नाही तर संमती मिळाली असे धरले जाते, हे लोकांनी ऐकलेले असते. पण ते चार महिने अर्ज सर्व बाबतींत पूर्ण झाल्यापासून मोजतात. एक त्रुटी निघाली की अर्ज पूर्ण धरला जात नाही. म्हणून ओल्या पिसांचा वास कसा आवरणार, धुण्याचे पाणी कुठे जाणार आणि रोज किती किलो येणार, हे तिन्ही पहिल्याच अर्जात आकड्यांनिशी लिहा. प्रत्येक पत्राची पोच घ्या, तारखेसकट.

कच्च्या मालाचे पत्रही हवे, आणि ते कुणाकडेच नसते. चिकनवाले पिसे आनंदाने देतात, पण लिहून द्यायला घाबरतात, कारण त्यांचे स्वतःचेच परवाने अर्धवट असतात. दहा दुकानांमागे धावण्यापेक्षा परवाने पूर्ण असलेली तीन-चार पकडा आणि रोजचे वजन लिहून घ्या.

कर्जासाठी पीएमईजीपी (नव्या छोट्या उद्योगाच्या कर्जाला अनुदान देणारी केंद्राची योजना) घेणाऱ्यांनी हे पाहावे: उत्पादन प्रकल्पाची मर्यादा ५० लाख, १० लाखांवर गेलात तर आठवी पास असणे आवश्यक, जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरत नाहीत, आणि आधीच सुरू असलेल्या कारखान्याला हे मिळत नाही. ग्रामीण भागात सर्वसाधारण अर्जदाराला २५ टक्के अनुदान, महिलांसह विशेष गटाला ३५. या योजनेतून खाण्याच्या मांसाचा धंदा वगळलेला आहे. अहवालात ‘कोंबडी’ शब्द दिसताच एका कार्यालयाने त्या ताईची फाईल परत पाठवली, वाचून बघण्याची तसदीही न घेता. पिसे हे मांस नव्हे, आणि खत हे खाद्यपदार्थ नव्हे. पहिल्या पानावरच ‘टाकाऊ पिसांपासून सेंद्रिय खत, खाद्यपदार्थाशी संबंध नाही’ अशी ओळ ठळक लिहून पुन्हा दिली, तेव्हा ती पुढे सरकली.

आधार, पॅन, फोटो, बँक पासबुक, उद्यम नोंदणी, पंचायतीचा ना हरकत दाखला हे नेहमीचेच. फक्त पंचायतीचा अर्ज लवकर टाका. पंचायतीची बैठक ठरावीक दिवशीच भरते, आणि वासाची हरकत घेणारा शेजारी त्याच दिवशी येतो. त्याला आधीच भेटून वास कसा आवरणार ते समजावून सांगा.