शस्त्रक्रियेनंतरची अंघोळ आणि शॉवर चेअर

शस्त्रक्रियेनंतर काही काळ शॉवर चेअरवर बसून अंघोळ करण्याचा सल्ला दिला जातो, तो केवळ अशक्तपणामुळे, असा अनेकांचा समज असतो. अशक्तपणा असतोच, परंतु त्याहून मोठे कारण रक्ताभिसरणाशी निगडित आहे, आणि ते समजले की खुर्चीवर बसताना व तिच्यावरून उठतानाच सर्वाधिक जपावे लागते, हेही ध्यानात येते.

आपण उभे राहतो तेव्हा गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे अर्धा ते एक लिटर रक्त पोटातील आणि पायांतील शिरांमध्ये उतरते. मानेतील व छातीतील मोठ्या धमन्यांच्या भिंतींमध्ये असलेले दाबसंवेदी चेतातंतू हा बदल लगेच टिपतात. मग हृदयाची गती वाढते, रक्तवाहिन्या आकसतात आणि मेंदूला होणारा पुरवठा सावरला जातो. निरोगी शरीरात हे काही सेकंदांत घडते. शस्त्रक्रियेत झालेला रक्तस्राव, अंथरुणावर गेलेले दिवस, शरीरातील पाण्याची कमतरता आणि तीव्र वेदनाशामके यांमुळे मात्र ही यंत्रणा मंदावते. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० मिलिमीटरने उतरला, तर डॉक्टर त्याला दखल घेण्याजोगी घट मानतात. त्यातच गरम पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब आणखी खाली येतो. बसलेल्या स्थितीत ही घसरण कमी होते. अंघोळ संपवून एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती रक्तदाबाच्या या घसरणीमुळेच.

म्हणून खुर्ची निवडताना हातांना आधार देणारे दांडे आणि पाठ असलेलीच घ्यावी. साधे प्लास्टिकचे स्टूल हा तिला पर्याय नव्हे, कारण ओल्या फरशीवर ते सहज सरकते. खुर्चीच्या पायांना रबरी टोप्या असाव्यात आणि ती किती वजन पेलते, हे पाहून घ्यावे. बाथरूमच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो, ही बाब सहसा लक्षात येत नाही. त्यामुळे चारही पायांची उंची सारखी ठेवली तरी खुर्ची डुगडुगू शकते. फरशी कोरडी असताना निरोगी व्यक्तीने तीवर बसून, पुढेमागे झुकून पाहावे आणि मगच प्रत्येक पायाची उंची पक्की करावी. खुब्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवू नये, असे पुष्कळदा सांगितलेले असते. त्यांच्यासाठी बैठक इतकी उंच हवी, की गुडघे खुब्याच्या वर जाणार नाहीत.

बसताना पाठ खुर्चीकडे करून, बैठकीची कड पायांना मागून लागेपर्यंत सावकाश मागे यावे, मग दोन्ही दांडे धरून, शस्त्रक्रिया झालेला पाय थोडा पुढे ठेवून खाली बसावे. टॉवेलचा दांडा किंवा नळ आधारासाठी धरू नये. शरीराचा भार पेलण्यासाठी ते बसवलेले नसतात.

हँडशॉवर असल्यास उत्तम. पाणी कोमट असावे. नस बधिर करून शस्त्रक्रिया झाली असेल, तर त्या हाताला किंवा पायाला चटका जाणवत नाही, आणि ६० अंश सेल्सियसचे पाणी अवघ्या काही सेकंदांत खोलवर भाजू शकते. त्यामुळे पाण्याची उष्णता संवेदना शाबूत असलेल्या हातानेच तपासावी. जखमेवर पाणी घेण्याची परवानगी अनेकदा ४८ तासांनंतर मिळते, तरी आपल्या शल्यचिकित्सकाचा शब्द अंतिम मानावा. जखम चोळू नये, टिपून कोरडी करावी.

उठण्याआधी पाणी बंद करून बसल्या जागीच अंग पुसावे आणि पावले घोट्यातून काही वेळ वरखाली हलवावीत; पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून रक्त वर ढकलतात. मग बैठकीच्या कडेला सरकून दांड्यांवर जोर देत उठावे आणि पाऊल टाकण्यापूर्वी क्षणभर थांबावे. चक्कर आल्यास लगेच पुन्हा बसावे. सोबतच्या व्यक्तीने हाकेच्या अंतरावर राहावे, दाराला आतून कडी नसावी, आणि रुग्णाला हात ओढून कधीही उठवू नये, कारण त्याने खांदा दुखावतो आणि दोघांचाही तोल जातो.

खुर्ची कधी सोडावी, हे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट ठरवतील. माझ्या मते केस धुण्यासाठी ती सर्वांत शेवटपर्यंत ठेवावी: तोल सांभाळताना मेंदू डोळ्यांवर बराच विसंबून असतो, आणि साबणाच्या फेसामुळे डोळे मिटून मान वाकवलेली असते, तेव्हा एरवी स्थिर उभा राहणारा माणूसही डोलू लागतो.