खुलासा: बंदराशी बोलायचं ते १६ वरच?

‘बंदर जवळ आलं की व्हीएचएफ (जहाजावरचा रेडिओ) चॅनल १६ लावा आणि सगळं तिथेच बोला’ हा समज वर्षानुवर्षं चालत आला आहे. तो चुकीचा आहे, घातकही आहे. १६ (१५६.८ मेगाहर्ट्झ) संकट, सुरक्षितता आणि हाक मारण्यासाठी आहे. बंदराने वाहतूक नियंत्रणाचा चॅनल जाहीर केला असेल तर थेट त्यावरच बोला. तो बऱ्याच ठिकाणी १२ किंवा १४ असतो, पण अंदाजावर राहू नका, आधी पाहून ठेवा. १६ वर हाक मारावीच लागली तर मिनिटाच्या आत आटपा आणि चॅनल बदला.

कारण साधं आहे: एफएम रिसीव्हर जोरदार सिग्नल धरतो, क्षीण दाबून टाकतो. तुमचा २५ वॅटचा सेट ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बसतं) आणि ईटीए (पोहोचण्याची अंदाजे वेळ) सांगत असताना दूरच्या होडीचा ‘मेडे’ (जीव धोक्यात असल्याची हाक) ऐकूच येत नाही. माइकचं बटण अडकलं तरी तेच. म्हणून माइक हुकावर ठेवताना ट्रान्समिटचा दिवा विझला का, ते बघाच. जवळच्या बोलण्याला १ वॅट पुरतो.

उत्तर नाही? दोन-दोन मिनिटांनी, एकूण तीनच हाका. दुसऱ्या सेटवर १६ चा पहारा, म्हणजे ऐकत राहणं, मात्र चालूच.